अफू, पिलं आणि पिंजरा: नागपुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात औषधशास्त्र शिकवते. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या आगेमागे कुठल्या तरी शाळा-कॉलेजात वाढत्या मेंदूवर औषधांचा काय परिणाम होतो यावर बोलायला जाते. भाषण चाळीस मिनिटांचं असतं, प्रश्न दीड तास चालतात. घरी आल्यावर फोन सुरू होतात. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून काढलं. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळपास तसेच ठेवले आहेत.

ओपिऑइड म्हणजे अफूच ना?

अफू ही त्या घराण्याची आजी. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की चीक येतो, तो वाळला की अफू. आपल्या देशात परवाना घेऊन तिची शेती होते ती मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात. सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. कोडीन अफूत आयतंच असतं, हेरॉइन मॉर्फिनवर प्रक्रिया करून होतं, ब्युप्रेनॉर्फिन अफूतल्याच थेबाइनपासून बनवतात. फेंटानिल, मेथॅडोन, ट्रामाडॉल यांना शेत लागत नाही, ती प्रयोगशाळेची लेकरं. या सगळ्या गोतावळ्याला मिळून ओपिऑइड म्हणतात.

आणि हो, भाजीत खसखस वाटून घालायला हरकत नाही. हा प्रश्न दर वेळी येतोच.

बोंडातला चीक मेंदूला चिकटतो कसा? मेंदूला त्याचं काय पडलंय?

मेंदूत त्यासाठी जागा आधीपासून तयार आहेत. कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ साली उंदराच्या मेंदूत ओपिऑइडचे रिसेप्टर दाखवले. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि स्वीडनमध्येही स्वतंत्रपणे तेच सापडलं. कुलूप आहे म्हणजे घरची किल्लीही असणार, असा विचार करून शोध सुरू झाला आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन काढलं. हे शरीराचं स्वतःचं, घरगुती ओपिऑइड.

मोठ्यांच्या शरीरात या घरगुती मालाचं काम दुखणं कमी करणं, ताण सोसणं, श्वास आणि आतड्यांची गती सांभाळणं, असं आहे. पिलांच्या मेंदूत मात्र त्याला आणखी एक काम असतं. अमेरिकेत इयन झॅगन आणि पॅट्रिशिया मॅक्लॉफ्लिन यांनी उंदरांच्या पिलांना नाल्ट्रेक्सोन देऊन पाहिलं. हे औषध रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि ओपिऑइडला तिथे येऊ देत नाही. दिवसभर अडवून ठेवलं तर पिलांचं शरीर आणि मेंदू नेहमीपेक्षा जड झाले. दिवसातले थोडेच तास अडवलं तर उलट परिणाम झाला. याचा अर्थ असा लावला गेला की शरीराचं ओपिऑइड वाढीला ब्रेक लावतं. पेशींनी कधी वाटून दोनाच्या चार व्हायचं, कधी थांबायचं, फांद्या कधी फोडायच्या, यात त्याचा हात असतो.

आता बाहेरून मॉर्फिन आलं की काय होतं ते बघा. ब्रेकवर दुसऱ्याचा पाय पडतो, आणि त्याला रस्ता माहीत नसतो. मोठ्यांच्या मेंदूत ओपिऑइड तयार इमारतीतली यंत्रणा बिघडवतं. पिलांत बांधकामच चालू असतं, त्यामुळे तिथली गडबड वेगळ्या जातीची असते.

आमची पणजी सांगायची, पूर्वी बाळाला अफूची गोळी देऊन निजवायचे. खरं का?

खरं आहे. मोहरीएवढी गोळी, आईच्या दुधात नाहीतर मधात उगाळून. शेतात, गिरणीत कामाला जाणाऱ्या बाईने तान्हं कुणाजवळ ठेवायचं? ते झोपून राहिलं तर दिवसाची मजुरी पदरात पडायची. १८९३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे या चालीबद्दल साक्षी झाल्या. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाळांबद्दल तर नंतरही लिहिलं गेलं. आणि हे आपल्याच अडाणीपणाचं लक्षण असं कुणी समजू नये. त्याच शतकात इंग्लंडच्या कारखानी गावांत अफू घातलेलं 'गॉडफ्रेज कॉर्डियल' दुकानात मिळायचं आणि बाळांना निजवायला सर्रास पाजलं जायचं.

एका आजींनी मला सभेतच सुनावलं, "आम्हाले काय झालं मग? जगलो ना!" जगलेलेच सांगायला उरतात, आजी. ओपिऑइड श्वास मंद करतं. तान्ह्या बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड ते औषध लवकर बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून आजची गोळी उद्याच्या गोळीवर चढते. शिवाय निजलेलं बाळ भूक लागली तरी रडत नाही, दूध मागत नाही. त्याची गेलेली वजनं आणि न झालेले खेळ कुणी वहीत मांडून ठेवले नाहीत.

यातला आजचा भाग एवढाच: मोठ्यांचं कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अर्ध्या चमच्याने लेकराला देऊ नका. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं सांगितलं, ते याच कारणासाठी.

प्रयोगात पिलांच्या मेंदूत नेमकं काय दिसलं?

आधी प्रयोगाची रीत सांगते. उंदरीण साधारण बावीस दिवस गाभण असते. त्या काळात तिला मॉर्फिन, मेथॅडोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटानिल देतात, कधी टोचून, कधी कातडीखाली छोटा पंप बसवून, कधी पिण्याच्या पाण्यातून. दुसरी रीत म्हणजे जन्मल्यावर पहिला आठवडाभर पिलालाच टोचायचं. या दोन रीतींचे निकाल एकमेकांत कालवू नयेत, पण बातम्यांत नेमकं तेच होतं.

बऱ्याच प्रयोगांत पिलं वजनाने कमी भरली. औषध तुटल्यावर ती थरथरतात, तडफडतात, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात ओरडतात. जन्मानंतर आठवडाभर मॉर्फिन दिलेल्या पिलांच्या मेंदूत स्पर्शाची जाण असलेल्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरात, आणि भीती हाताळणाऱ्या अमिग्डालात नेहमीपेक्षा जास्त पेशी मरताना दिसल्या. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी साठवण्यात मदत करणाऱ्या भागात, बीडीएनएफ कमी आढळलं. हे एक प्रथिन आहे, चेतापेशींचं खत म्हणा हवं तर. मोठेपणी यातले काही प्राणी उघड्या जागेत यायला बिचकतात, चक्रव्यूहात वाट लक्षात ठेवायला जास्त दिवस घेतात, दुखण्याला वेगळा प्रतिसाद देतात.

मग एक गाठ अशी लागते की शिकवताना मलाही थांबून विचार करावा लागतो. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. गरोदरपणात ब्युप्रेनॉर्फिनचा कमी डोस दिलेल्या उंदरिणींच्या पिलांत हे आवरण वेळेआधी चढू लागलेलं दिसलं, आणि जास्त डोसवर उशिरा. एकच औषध, दिशा दोन. विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, लवकर झालं तर चांगलंच ना?" नाही रे बाबा. प्लास्टर ओलं असताना रंग दिला तर भिंत लवकर तयार झाली असं कोणी म्हणत नाही. मेंदूत कोणतं काम कोणाच्या आधी याला फार किंमत आहे.

त्यामुळे "अफूने मेंदू लहान होतो" असं एका ओळीत सांगणाऱ्या माणसाला पुढचे चार प्रश्न विचारा: कोणतं औषध, किती, कोणत्या दिवसापासून, आणि नर की मादी. शेवटच्या प्रश्नाने बरेच निकाल बदलतात.

समृद्ध वातावरण म्हणजे उंदराला एसी आणि काजू?

हे विचारणारा मुलगा धरमपेठेतला होता आणि वर्ग पोट धरून हसला. पण प्रश्न वाईट नव्हता.

नेहमीच्या पिंजऱ्यात काय असतं? बुटाच्या खोक्याहून थोडा मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला भाताचं तूस, वर जाळी, पाण्याची बाटली, खायला ठरलेल्या गोळ्या. सोबतीला दोन-तीन भाऊबंद, कधी तेही नाहीत. समृद्ध पिंजरा मोठा असतो, त्यात दहा-बारा उंदीर एकत्र राहतात. शिड्या, नळ्या, फिरतं चाक, लपायला खोकी, चावायला लाकूड. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या वस्तू दर थोड्या दिवसांनी बदलतात. नवेपणा गेला की खेळणं म्हणजे नुसतं सामान. काजू कुणी देत नाही.

कल्पना तशी जुनी. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४० च्या दशकात काही उंदीर चक्क घरी नेले आणि मुलांसोबत मोकळे वाढू दिले. ते पिंजऱ्यातल्या भावंडांपेक्षा कोडी सोडवण्यात सरस निघाले. पुढे कॅलिफोर्नियात बर्कलेला मार्क रोझेन्झवाइग, डेव्हिड क्रेच, एडवर्ड बेनेट आणि मेरियन डायमंड यांनी हे मोजून दाखवलं. डायमंडबाईंनी मेंदूच्या चकत्या कापल्या, सूक्ष्मदर्शकाखाली जाडी मोजली. १९६४ च्या त्यांच्या शोधनिबंधात खेळत्या उंदरांचा दृष्टीचा कॉर्टेक्स सुमारे ६ टक्के जाड भरला. आज हे ऐकून कोणाला नवल वाटत नाही, पण तेव्हा मेंदू एकदा घडला की घडला, अशी पक्की समजूत होती. अनुभवाने मेंदूचा आकार बदलतो हे बऱ्याच जणांच्या पचनी पडलं नाही.

नंतर विल्यम ग्रीनो यांनी एकेका चेतापेशीच्या फांद्या आणि जोड मोजले. समृद्ध पिंजऱ्यातल्या उंदरांत दर पेशीमागे जोड पाचव्या हिश्शाहून जास्त होते. १९९७ मध्ये गेर्ड केम्परमान आणि फ्रेड गेज यांच्या गटाने छोट्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यात सुमारे १५ टक्के जास्त चेतापेशी दाखवल्या. मोठ्या वयातही तिथे नव्या पेशी जगतात आणि वातावरण त्यांना जगवतं, हे तिथून पुढे गंभीरपणे घेतलं जाऊ लागलं.

मग खेळण्यांनी अफूचा परिणाम धुऊन निघतो का?

या पानावरचा खरा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मला हो-नाहीत देता येत नाही.

इराणमध्ये सेमनानच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग उदाहरणाला घेऊ. गाभण उंदरिणींना मॉर्फिन दिलं. पिलं आईचं दूध सुटल्यावर, म्हणजे एकविसाव्या दिवसापासून, काही साध्या आणि काही समृद्ध पिंजऱ्यांत ठेवली. साध्या पिंजऱ्यातली मॉर्फिनवाली पिलं जास्त भित्री, मलूल आणि शिकण्यात मागे होती, हिप्पोकॅम्पसमधलं बीडीएनएफही कमी. समृद्ध पिंजऱ्यात महिनाभर राहिलेल्या मॉर्फिनवाल्या पिलांत ही दरी बरीच भरून आली.

"बरीच भरून आली" यावर वर्तमानपत्री मथळा होतो: प्रेमाने व्यसनावर मात. मी मुलांना फळ्यावर चार डबे काढायला लावते. मॉर्फिन-साधा, मॉर्फिन-समृद्ध, बिनमॉर्फिन-साधा, बिनमॉर्फिन-समृद्ध. आता बघा, समृद्ध वातावरणाने ज्यांना मॉर्फिन कधी दिलंच नाही त्यांचीही प्रगती झाली, तर काय म्हणायचं? पाणी वाढलं की सगळ्याच होड्या वर येतात. मॉर्फिनवाल्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झाला, तरच "नुकसान भरून निघालं" म्हणायला आधार आहे. असले प्रयोग वाचताना चौथा डबा आहे का, आणि असला तर त्याचा आकडा कुठे छापलाय, ते मी आधी शोधते.

दुसरं असं की वागणं सुधारलं म्हणजे मूळ जागा दुरुस्त झाली असं नाही. बर्डीवर रस्ता खोदलेला असला की आपण गल्लीबोळांतून धंतोलीला पोहोचतोच. पोहोचलो म्हणून खड्डा बुजत नाही. मेंदूही असाच वळसा घालतो. प्राण्याच्या दृष्टीने पोहोचणं महत्त्वाचं, हे मान्य. संशोधकाने मात्र खड्डा तपासलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी आहे, आणि सगळ्यांत कमी बोलली जाते. आपण ज्याला "साधा" पिंजरा म्हणतो तो साधा नाहीच. रानातला उंदीर रात्रभर हिंडतो, बिळं खणतो, भांडतो, धान्य चोरतो. प्लॅस्टिकच्या डब्यातलं आयुष्य ही दरिद्री अवस्था आहे आणि आपण तिला शून्य मानून मोजायला बसलो. म्हणजे "समृद्ध वातावरणाने मेंदू सुधारला" याचं सरळ भाषांतर "दारिद्र्य कमी केल्यावर मेंदू जरा नीट वाढला" असं व्हायला हवं. त्याच न्यायाने, ओपिऑइडचं जे नुकसान प्रयोगात दिसतं त्यातलं थोडं ओपिऑइडचं आणि थोडं त्या डब्याचं असतं. औषध मिळालेलं पिलू डब्याचा मार कमी सोसू शकतं, असं मला हे सगळं वाचून वाटतं.

रॅट पार्कबद्दल रील पाहिली. मित्र मिळाले की उंदीर मॉर्फिन सोडतात म्हणे.

रील तीस सेकंदांची, गोष्ट थोडी लांब. ब्रूस अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी कॅनडात १९७० च्या दशकाच्या शेवटी नेहमीच्या पिंजऱ्याच्या सुमारे दोनशे पट जागेचं उंदरांचं घर बांधलं. एकटे डांबलेले उंदीर गोड केलेलं मॉर्फिनचं पाणी जास्त पीत, पार्कातले बरंच कमी. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा निकाल दर वेळी तसाच आला नाही. उंदरांच्या जातीनेही फरक पडतो. शिवाय ते बहुतेक मोठे उंदीर होते, आईच्या पोटात औषध मिळालेली पिलं नव्हेत. प्रश्न वेगळा, प्रयोग वेगळा. तरी एकटेपणा हीच प्रयोगातली एक औषधी मात्रा असते, हे पार्कने सगळ्यांच्या डोक्यात भरवलं. त्याचं श्रेय द्यायला हवं.

आईचं काय? ती पण तर नशेत असते.

हे विचारलं ते मेयो रुग्णालयातल्या एका नर्सताईंनी, आणि कितीतरी शोधनिबंधांना जे सुचत नाही ते त्यांनी एका वाक्यात विचारलं. मॉर्फिन घेतलेली उंदरीण पिलं गोळा करत नाही, घरटं नीट बांधत नाही, चाटणं कमी करते. आणि मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलंय की आईने पहिल्या आठवड्यात किती चाटलं यावर पिलू मोठेपणी ताणाला कसं तोंड देतं ते बदलतं. मग पिलांत दिसलेला दोष रक्तातून आलेल्या मॉर्फिनचा की न मिळालेल्या चाटण्याचा?

यासाठी चांगले प्रयोगकर्ते जन्मताच पिलं बदलतात: औषधवाल्या आईची पिलं बिनऔषधाच्या आईकडे, आणि उलट. हा दत्तक प्रकार खर्चिक आणि कटकटीचा आहे म्हणून टाळला जातो. आणखी एक फसवणूक म्हणजे एका आईची दहा पिलं दहा वेगळे प्राणी म्हणून मोजणं. सख्खी भावंडं एकाच आईची चाट आणि एकाच पोटातला डोस घेऊन आलेली असतात. आकडा दहा दिसला तरी पुरावा एकाचाच.

उंदराचा आठवडा म्हणजे माणसाचे किती महिने?

ढोबळ हिशोब: उंदराचं पिलू फार कच्चं जन्मतं, डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. मेंदूच्या वाढीत ते साधारण आपल्या वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या जवळ असतं. सात ते दहा दिवसांचं पिलू पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाजवळ येतं. चौदाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात. म्हणून पहिल्या आठवड्यात पिलाला दिलेलं मॉर्फिन हे काचपेटीतल्या बाळाच्या मॉर्फिनसारखं धरतात. मेंदूच्या प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं चालतं, तेव्हा हे तक्त्यावर खिळे ठोकून लावू नये.

मॅडम, आमचं बाळ काचेत आहे, मॉर्फिन सुरू आहे. तुमचं भाषण ऐकल्यापासून झोप नाही.

असा फोन रात्री साडेदहाला आला होता. त्यानंतर मी भाषणाचा क्रम बदलला आणि हा भाग आधी सांगू लागले.

कृपा करून औषध थांबवा म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. एके काळी नवजात बाळाला दुखतच नाही असं समजून मोठाल्या शस्त्रक्रियाही अगदी तुटपुंज्या भुलीवर होत. मूळचे भारतीय असलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये वेळेआधी जन्मलेल्या बाळांवर काम केलं. १९८७ साली त्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेत फेंटानिल दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत कमी असते. म्हणजे दुखणं हेही मेंदूवर आणि शरीरावर घाव घालतं. आनंद यांच्याच गटाने पुढे उंदरांच्या पिलांच्या पायाला पहिल्या आठवड्यात दिवसातून अनेकदा सुई टोचली, तर त्या पिलांचं मोठेपणीचं वागणं बदललेलं दिसलं. अटलांटातल्या एका प्रयोगात तर इजा होण्याआधी मॉर्फिन दिल्यावर, लहानपणीच्या इजेचे मोठेपणी दिसणारे परिणाम सौम्य झाले. दुखत असताना दिलेलं मॉर्फिन आणि ज्या पिलाला काहीच दुखत नाही त्याला प्रयोगासाठी टोचलेलं मॉर्फिन, यांना एकाच तराजूत घालू नका.

दुसरी बाजूही आहे. व्हेंटिलेटरवरच्या वेळेआधीच्या ८९८ बाळांच्या मोठ्या चाचणीत, जी २००४ मध्ये छापून आली, सगळ्यांना सरसकट मॉर्फिन चालू ठेवल्याने मृत्यू किंवा मेंदूतला गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. म्हणून आता बाळाचं दुखणं मोजून, गरजेपुरतं, कमी दिवस, असा कल आहे. तुम्ही विचारायचं असेल तर हे विचारा: दुखणं कसं मोजता? डोस कधी कमी करणार? मी बाळाला छातीशी कधी घेऊ?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. कांगारू पद्धत, बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं, १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. गरिबीतून निघालेली ही युक्ती आज श्रीमंत देशही वापरतात. आईच्या पोटात ओपिऑइड मिळालेल्या बाळांसाठी अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. बाळ खातंय का, झोपतंय का, कुशीत शांत होतंय का, एवढं बघून, शांत खोली आणि आईची मांडी यांना पहिलं औषध मानलं. घरी जाण्याजोगं व्हायला सरासरी ८.२ दिवस लागले, लक्षणांना गुण देण्याच्या जुन्या पद्धतीने १४.९. बाळासाठी समृद्ध वातावरण म्हणजे गाणारी, लुकलुकणारी खेळणी नव्हेत. काचेतल्या बाळाला आवाज आणि उजेड आधीच जास्त होतो.

गरोदर बाई व्यसन सोडायची गोळी घेते आहे. बाळासाठी बंद करावी का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. एकदम बंद केल्यास आईला औषध तुटल्याचा त्रास, परत व्यसनाकडे वळण्याचा धोका, आणि बाळालाही धोका. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथॅडोन यांची गरोदर स्त्रियांत तुलना करणाऱ्या २०१० च्या चाचणीत ब्युप्रेनॉर्फिनवाल्या आयांच्या बाळांना नंतर मॉर्फिन कमी लागलं, दवाखान्यातले दिवसही कमी झाले. कोणती गोळी, किती, हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी टोमणे थांबवले तर तेही औषधाइतकंच लागू पडतं.

कुत्रीला सिझेरियनमध्ये टोचलेलं औषध पिलांना बाधेल का?

एका वेळच्या शस्त्रक्रियेतलं औषध आणि आठवडेच्या आठवडे दिलेलं औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिलं जन्मताना थोडी सुस्त वाटू शकतात, पशुवैद्य ते बघतात. सेमिनरी हिल्सवर आपल्याकडे १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जा, मला फोटो पाठवू नका. घरातली माणसांची गोळी प्राण्याला देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलही जिवावर बेततं.

पिलांच्या वातावरणाबद्दल मात्र बोलते. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं पिलू जगाशी ओळख करून घेतं. माणसं, कुकरची शिट्टी, मोटारसायकल, ओली फरशी. या काळात गच्चीवर एकटं बांधून ठेवलेलं पिलू पुढे चावरं झालं तर जातीला दोष देऊ नये. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांत मात्र सोडू नका, पार्व्हो या विषाणूने आठवड्याभरात पिलू जातं.

असे प्रयोग नागपुरात करता येतात का?

कायद्याने येतात, मनात आलं म्हणून नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली प्रयोगांचे नियम १९९८ चे. नोंदणी झालेलं प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. किती प्राणी, का तितकेच, दुखणार असेल तर काय करणार, हे आधी लिहून द्यायचं. मॉर्फिनसाठी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कागद वेगळे. रजिस्टरमध्ये एक-एक मिलिलिटरचा हिशोब.

नागपूरची आपली एक अडचण पुस्तकात नसते: मे महिना. प्राणिगृह बावीस अंशांच्या आसपास ठेवायचं आणि बाहेर पंचेचाळीस. विद्यार्थी असताना आमच्या प्राणिगृहातलं एसी उन्हाळ्यात एकदा दोन दिवस बंद पडलं. आम्ही खसाचे कूलर लावले, ओल वाढली, तूस दमट झालं, उंदरांनी खाणं निम्म्यावर आणलं. पिलांची वजनं घसरली ती औषधाने की उन्हाने, हे कोणालाच सांगता आलं नाही. तीन महिन्यांचं काम टाकून दिलं. उष्णता हेही वातावरणच, हे मी तिथे शिकले.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उंदरांवर हे करून दाखवू का?

नको. औषधासकट तर नकोच, ते बेकायदा आहे, आणि बिनऔषधाचं केलं तरी घरी मेंदू मोजता येत नाही. त्यापेक्षा महाराजबागेत जाऊन एखाद्या प्राण्यासमोर तासभर बसा, दर मिनिटाला तो काय करतो ते टिपा: झोपला, चालला, एकाच जागी घिरट्या घातल्या, काही हुंगलं. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी जाऊन पुन्हा टिपा. घिरट्यांचा आकडा काढा. वाढत्या जिवाला डबा काय करतो याचं त्याहून प्रामाणिक मोजमाप नववीतल्या मुलांच्या हाती दुसरं नाही.

हेब यांनी उंदीर घरी नेले. तुम्ही कधी आणले का?

एकदा. प्रयोग न झालेले, दूध सुटलेले दोन, मार्गदर्शकांची आणि समितीची लेखी परवानगी घेऊन. सासूबाईंनी दारातच विचारलं, "हे काय आणलं वं घरात?" पहिला आठवडा त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या निवडलेल्या शेंगांची टरफलं पिंजऱ्यात टाकू लागल्या, रोज वेगळ्या कोपऱ्यात, कारण "शोधू दे ना जरा, बसून काय करते ते दिवसभर."